जिभेखालची दोरी

वेखंडाचं मूळ सहाणेवर उगाळलं की पाणी आधी गढूळ होतं, मग पांढुरकं. वास उग्र; पेटीत ठेवलेल्या स्वेटरांचा असतो तसा.

*

फ्रिजच्या खालच्या कप्प्यात कोबीची पानं. धुऊन, पुसून, एकावर एक. भाजीसाठी नव्हेत.

*

दुकानाबाहेर उभा राहून एक माणूस कोन खातो आहे. आइस्क्रीम चाटत नाही, पावासारखं चावतो. दात शिवशिवतात, डोळ्यांत पाणी येतं, तरी चावतो.

*

शोकेसमध्ये वक्तृत्व स्पर्धेचे कप. शाळेतली पोरं दर साली नवी, बाई त्याच. कप बाईंच्या घरी. घरातल्या मुलाचा एकही नाही.

*

भरदुपारी पाळण्याशेजारी पाल चुकचुकते. घरात पाल नाही.

*

"पुन्हा."

*

हे सगळं एकाच घरातलं आहे. घर नाशिक रोडला, कॉलनीच्या दुसऱ्या गल्लीत. गेटवर निळ्या अक्षरांत ‘श्रीमती लता पगारे, निवृत्त मुख्याध्यापिका’ अशी पाटी. कॉलनीत त्यांना कुणी लताबाई म्हणत नाही. भाजीवाल्यापासून भंतेजींपर्यंत सगळ्यांच्या त्या पगारे बाई. बाईंचा मुलगा रवी पाटबंधारे खात्याच्या टपाल शाखेत. सून संजना येवल्याची, मागावर बसणाऱ्या बापाची लेक. तिची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते सासरीच झालं. मुलगी झाली. नाव मैत्री.

पालीचा तो आवाज मैत्रीचा होता.

संजना तिला छातीशी घ्यायची. पोर अधाशासारखी तोंड लावायची, दोन घोट ओढायची आणि पकड सुटायची. टक्. पुन्हा लावायची. टक्. तासभर हेच. तासाभरानंतर बाळ उपाशी आणि आई रक्तबंबाळ. चिरा पडलेल्या. दर वेळी दाराच्या फटीत बोट चिमटावं तशी कळ. मग दूध आत साचून छाती दगडासारखी व्हायची आणि संजना दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितल्याप्रमाणे ब्लाउजच्या आत कोबीची गार पानं ठेवून भिंतीकडे तोंड करून पडायची.

"बाई, पोरगी पालीवानी चुकचुकती हो," मालिश करायला येणारी फुलाबाई म्हणाली. "लय वंगाळ असतं ते."

"फुला, माझ्या घरात पाल, मांजर, नजर, दृष्ट, काही बोलायचं नाही," लताबाई म्हणाल्या. "दूध पातळ आहे हिचं. लेकराला जोर लावावा लागतो, म्हणून आवाज येतो. साधं विज्ञान आहे."

साध्या विज्ञानाप्रमाणे हळिवाची खीर आली, शतावरी आली, डिंकाचे लाडू आले. संजना खात राहिली. मैत्रीचं वजन वाढेना. लाडवांनी संजनाचंच वाढलं.

"सगळं अंगी लागतंय तुझ्या," लताबाई म्हणाल्या. "जिच्यासाठी खातेस तिच्यापर्यंत काही पोचत नाही."

संजनाला एवढंच हवं होतं: लेकीला आपलं दूध पोटभर पाजायचं. जगात बायका करतात ते. गाई-म्हशी करतात ते. यापलीकडे त्या दिवसांत तिला काही मागणंच नव्हतं.

*

गंगापूर रोडला चैताली मॅडमची खोली. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम, असं लसीकरणाच्या रांगेत कुणी तरी सांगितलं होतं. पण त्या दूध न ओढणारी बाळंही बघतात. तिघं गेली: संजना, रवी आणि लताबाई.

मॅडमने आधी बाळाला हातच लावला नाही. "पाजा," म्हणाल्या आणि समोर मांडी घालून बसल्या. टक्. टक्. त्या नुसत्या बघत होत्या, गाल कुठे आत जातात, हनुवटी कशी हलते. मग हातमोजा घालून करंगळी बाळाच्या तोंडात दिली, तिला ओढू दिली. मग बोट जिभेखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मधे अडलं. दोन बोटांनी जीभ वर उचलायचा प्रयत्न केला. मैत्रीने भोकाड पसरलं.

"आता बघा. रडताना जीभ वर जायला हवी. हिची तळाला बसून आहे. आणि टोक बघा."

टोक मधोमध आत ओढलं गेलं होतं. जत्रेतल्या फुग्यावरच्या बदामासारखं. खाली पांढरी, ताठ, बारीक दोरी. संजनाने बापाच्या मागावर असा ताणलेला धागा हजारदा पाहिला होता. एक धागा जास्त ओढला गेला की सगळा पोत आत खेचतो.

"आणि ओठ?" संजनाने विचारलं. "मोबाइलवर वाचलं, वरच्या ओठाची पण असते."

"असते. हिला आहे, तुम्हाला असेल, मलाही आहे. तिला हात लावायचा नाही. ओठ कापा म्हणून येणाऱ्यांना मी परत पाठवते." मॅडमने हातमोजा काढला. "जीभ मात्र कामात आडवी येतेय. कान-नाक-घशाच्या सर्जनकडे पाठवते. लहानसा छेद असतो, लगेच छातीला लावायचं. पुढे बोलण्यात अडचण येईल का, ते आज कुणी सांगू शकत नाही. कितीतरी लोकांना येत नाही. मी आत्ताचं सांगते. पोर ओढत नाही म्हणून तुमचं दूध आटत चाललंय. फार थांबू नका."

मग विचारलं, "घरात आणखी कुणाला असं? उशिरा बोलणं, एखादं अक्षर जड जाणं?"

"आमच्या घरात वाणी शुद्ध आहे," लताबाई म्हणाल्या. "मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांच्या जिभा वळवल्यात, मॅडम."

*

पुन्हा.

मॅडमच्या खोलीत दाराजवळच्या खुर्चीत रवी बसला होता. आत आल्या आल्या मॅडमने विचारलं होतं, "वडिलांचं नाव?" रवीने खिशातून ऑफिसचं ओळखपत्र काढून पुढे केलं होतं. मॅडमने कार्ड वाचलं. मग रवीच्या तोंडाकडे पाहिलं. थोडा जास्तच वेळ.

आणि घराण्यातल्या वाणीबद्दल ऐकून झाल्यावर त्या अगदी हळू म्हणाल्या होत्या, "सर, तुम्ही जरा जीभ बाहेर काढता?"

रवीने आईकडे पाहिलं.

लताबाई हसल्या. "अहो मॅडम, तो पाटबंधारे खात्यात आहे, पाळण्यात नाही!"

सगळे हसले. रवीसुद्धा हसला. ओठ मिटून.

*

"अंधश्रद्धा आता एसीत बसायला लागली," घरी आल्यावर लताबाई चपला काढायच्या आधी म्हणाल्या. "खेड्यात सुइणी एका बोटाचं नख वाढवून ठेवायच्या. त्याच नखाने गोवरी थापायची, त्याच नखाने लेकराच्या जिभेखालची दोरी तोडायची. मी सायखेड्याच्या शाळेत असताना दारोदार फिरलेय, बायांनो, हे करू देऊ नका. शिव्या खाल्ल्यात त्यासाठी. आणि आता माझ्याच नातीला?"

"आई, हे दवाखान्यात. निर्जंतुक कात्रीने," संजना म्हणाली.

"कापणं ते कापणं."

"मॅडम म्हणाल्या..."

"मॅडमचं वय काय? माझ्या हाताखालून गेलेल्या पोरींपेक्षा लहान आहे ती. संजना, तुला दूध नाही, हे मान्य करायला लाज कसली? डबा आणू. रवी, जा, मेडिकलमधून डबा आण."

रवी उठला. संजना त्याच्याकडे बघत राहिली. तो चपलेत पाय घालत होता, आणि चप्पल उलटी होती, आणि त्याला ते कळत नव्हतं.

*

रवीबद्दल.

रिक्षावाल्याला तो कधी नाशिक रोड सांगत नाही, ‘स्टेशन’ म्हणतो. फोनवर नाव सांगत नाही, ‘मी बोलतोय’ म्हणतो. टपाल शाखा त्याने मागून घेतली, कारण पाकिटं बोलत नाहीत. लग्नाआधी तो संजनाला चौपाटीच्या दुकानात घेऊन गेला होता आणि कोन चावताना पाहून ती खो खो हसली होती. "असं कोण खातं?" तो लाजला. तिला ते गोड वाटलं होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत तिने गरम कपड्यांत वेखंड ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते नव्हतं. पुन्हा ठेवलं, पुन्हा गायब. तेव्हा त्याने सांगितलं, तुकड्या-तुकड्याने, सोपी अक्षरं निवडत. लहानपणी आई वेखंड मधात उगाळून जिभेवर घासायची. हे औषध आहे, अंधश्रद्धा नव्हे, म्हणायची. मग पाठांतर. मग पट्टी.

वाक्यात त्याचं नको असलेलं अक्षर, ‘र’, यायचं आणि तोंडात भलतंच काही तरी व्हायचं, ना ल ना ड. तळहातावर पट्टी. "पुन्हा." पट्टी. "पुन्हा." इतर पोरांना घेऊन बाई जिल्ह्यापर्यंत जायच्या, कप आणायच्या. स्वतःचा मुलगा मागच्या बाकावर. गावात लोक म्हणायचे, बाईंचा पोरगा मुका आहे काय हो? शेवटी तो खरंच फारसं बोलेनासा झाला, आणि मग कुणी म्हणेनासं झालं. शांत आहे, म्हणू लागले. संस्कारी आहे.

*

दुपारी लताबाई विहारात महिला मंडळाच्या बैठकीला गेल्या. बाळ झोपलं होतं. आईसमोर संजना रवीला अहो म्हणायची. घरात दोघंच असली की अरे.

"तोंड उघड," ती म्हणाली. हातात मोबाइलचा टॉर्च.

"कशाला?"

"उघड म्हणते ना."

खिडकीशी उभा राहून त्याने तोंड उघडलं. जीभ वर कर, म्हणाली. ती वर गेली नाही. टोक मधोमध आत खेचलं गेलं. तोच बदाम. फक्त मोठा, आणि दोरी जाड, जुन्या सुतळीसारखी.

संजनाने टॉर्च बंद केला.

"तुला माहीत होतं."

"दात घासताना दिसायचं."

"मग क्लिनिकमध्ये का नाही..."

"आई होती तिथं."

"आई होती म्हणजे? अरे, हेच दाखवायचं! एका मिनिटात गप्प बसतील त्या. बाप-लेकीचं सारखंच आहे म्हटल्यावर माझ्या दुधाचं काय उरतं त्यात?"

तो खिडकीबाहेर बघत होता. समोरच्या गॅलरीत कुणाचे तरी कपडे वाळत होते.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला.

"का?"

"तिला समजलं, की मी मुद्दाम नव्हतो चुकत... मग त्या पट्ट्यांचं काय होईल? ती कशी जगेल?"

संजनाला विचारायचं होतं, आणि मी? पण बाळ उठलं, आणि छातीला लावलं, आणि टक्.

"बाटली देऊ," रवी म्हणाला. "वाढेल ना ती?"

*

वाढली. डब्यातल्या दुधावर मैत्री भोपळ्यासारखी वाढली. मनगटाला वळ्या पडल्या. कोबीची पानं लागेनाशी झाली. फुलाबाईने ती नेऊन आपल्या शेळीला घातली. संजना पंप लावून बसायची. आधी वाटीच्या तळाला यायचं, मग तळ ओला व्हायचा, मग नुसता पंपाचा आवाज. चैताली मॅडमचे मेसेज यायचे: काय ठरलं? ती उत्तर लिहायची, खोडायची.

एके सकाळी लताबाईंनी मैत्रीला दोन्ही हातांनी वर धरलं, मालिश संपवून तेलाचे हात पुसणाऱ्या फुलाबाईला दाखवलं.

"बघ कशी भरलीये. काही बायांना दूध नसतंच, फुला. त्यात त्यांचा दोष नाही. ते घराण्यावर असतं."

"आसंल बाई," फुलाबाई म्हणाली आणि संजनाकडे बघायचं टाळून तेलाच्या बाटल्या गोळा करत निघाली.

संजना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पोह्यांची ताटली तिने खाली ठेवली.

"अहो," ती रवीला म्हणाली, "इकडे या. तोंड उघडा."

रवी शर्टाची बटणं लावत होता. त्याने मान हलवली. नको.

"उघडा. नाही तर मी आत्ता हिला घेऊन येवल्याच्या बसमध्ये बसते. घराणं तिथलं आहे ना माझं."

"हा काय तमाशा?" लताबाई म्हणाल्या.

रवी आला. आईच्या समोर उभा राहिला, तसाच, लहानपणी उभा राहायचा तसा, हात शरीराला चिकटवून. तोंड उघडलं. जीभ वर करायला गेला.

लताबाईंनी पाहिलं. चष्मा सारखा केला नाही, वाकल्या नाहीत. वही तपासावी तसं एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "माहीत आहे मला."

त्यांनी मैत्रीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"जन्मला तेव्हाच पाहिलंय. आई आहे मी त्याची. मेहनत केली की सगळं येतं. मला काय ताटात वाढून मिळालं होतं?"

रवीने तोंड मिटलं. सगळ्या जन्मात जे वाक्य त्याने आईसाठी जपून, गिळून, पोटात ठेवलं होतं, ते आईकडे आधीपासूनच होतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब चुकलेल्या माणसाचा चेहरा होता.

"मग मारलंस कशाला?" तो म्हणाला.

शब्द मधोमध फुटला. ते अक्षर आलं नाहीच. त्याच्या जागी जे यायचं तेच आलं, ओबडधोबड, लहान पोराचं. इतक्या वर्षांत त्याने ते अक्षर आईसमोर पहिल्यांदाच उच्चारायला घेतलं होतं.

लताबाईंचे ओठ हलले. सवयीने. पुढचा शब्द सगळ्यांना माहीत होता.

तो आला नाही. त्यांनी मैत्रीला संजनाकडे दिलं, रिकामी बाटली उचलली आणि मोरीत गेल्या. नळ चालू झाला. एक बाटली धुवायला लागतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ चालू राहिला.

"उद्या नेऊ तिला," रवी म्हणाला.

*

लताबाईंना कुणी चला म्हटलं नव्हतं. पण सकाळी त्या इस्त्रीची पांढरी साडी नेसून, पर्स काखेत मारून रिक्षात येऊन बसल्या.

दवाखान्यात मैत्रीला दुपट्यात गुंडाळून आत नेलं. पाय हलतील म्हणून रवीने धरले. लताबाई बाहेर. सिस्टर कापूस घ्यायला बाहेर आली तर यांनी तिला अडवलं.

"रक्त थांबलं का?"

"आजी, अजून सुरू कुठं झालंय!"

ती परत गेली, परत आली. "रक्त थांबलं का?" आतून रडण्याचा एक आवाज आला आणि लगेच बसला. "सिस्टर, रक्त थांबलं का हो?" सिस्टर वैतागली. कापसावर दोन थेंब होते, ते तिने दाखवले. लताबाईंनी तो कापूस हातात घेतला. बराच वेळ घेऊन बसल्या.

"सासूबाई फारच भित्र्या आहेत तुमच्या," सिस्टर संजनाला म्हणाली.

"त्या कशालाच भीत नाहीत," संजना म्हणाली.

मग लगेच छातीला लावलं. मैत्रीने तोंड उघडलं, केवढं तरी मोठं उघडलं. जीभ पुढे आली, खाली पसरली, वाटीसारखी झाली. पकड बसली. टक् नाही. कळ नाही. इतके दिवस संजनाने जे मागितलं होतं ते नेमकं असं असतं, हे तिला पहिल्यांदा कळलं. डोळे मिटले तिने.

मैत्रीने ओढलं. ओढलं. थांबली. वर आईकडे पाहिलं. आत काही नव्हतं.

ती रडायला लागली, आणि लताबाईंनी पर्समधून भरलेली बाटली काढून पुढे केली.

*

चैताली मॅडमने सगळं करून पाहिलं. छातीला चिकटवलेली बारीक नळी, पंप, पोर दिवसभर अंगाशी. आलं ते थेंबथेंब. मैत्रीला बाटलीची धार ठाऊक झाली होती, ती थेंबांशी खेळून तोंड फिरवायची. शेवटच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "जीभ मात्र सुंदर उठतेय आता."

"हो," संजना म्हणाली.

आता मैत्री दिसेल त्याला जीभ दाखवते. फुलाबाईला, दूधवाल्याला, भंतेजींना. लांब, गुलाबी, टोकदार जीभ. कॉलनी हसते. लताबाई सांगतात, "वयाबरोबर आपोआप सुटते ती. उगाच कापली." डिंकाचे लाडू अजून करतात. संजनाच्या ताटलीत ठेवतात. संजना खाते.

संजनाने रवीला एकदा विचारलं, तुझीही सोडवून घ्यायची का? मॅडम म्हणतात, मोठ्यांचीही करतात.

तो दुकानाबाहेर उभा होता, मैत्रीला कडेवर घेऊन. तिला कोन पुढे केला. तिने चाटला, पुन्हा चाटला, नाकाला लावून घेतला. उरलेला त्याने चावला.

"आता कशाला?" तो म्हणाला. "बोलायचं काय आहे?"

*

रवीच्या आधी, सायखेड्याला, लताबाईंना एक मुलगा झाला होता. सुइणीने नखाने त्याच्या जिभेखालची दोरी तोडली. रक्त थांबलं नाही, आणि बारशाआधीच तो गेला.